तुमचं असं एखादं चित्र आहे का, संग्रहालयातलं?

दुपारसावली

नमस्कार मंडळी. चार वर्षं रोमात आहे (म्हणजे नुसतीच वाचतेय), धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

झालं असं की मी गेली बारा-तेरा वर्षं एका कलासंग्रहालयात अधूनमधून जाते. कलेतलं काही कळतं असं अजिबात नाही, पहिल्यांदा आत शिरले ती पाऊस आला म्हणून. तिथे लघुचित्रांच्या दालनात डावीकडच्या भिंतीवर एक पहाडी शैलीतलं चित्र आहे, वहीच्या पानाएवढं. गच्चीवर नायिका बसलीय, सखी तिला काहीतरी समजावतेय, आभाळ भरून आलंय, गच्चीखाली काळंकुट्ट तळं. आणि पार उजव्या कडेला चवरी घेतलेली एक दासी. ती त्या दोघींकडे बघतच नाहीये, चित्राच्या बाहेर कुठेतरी बघतेय. आणि तिने एक पाय मोजडीतून काढून दुसऱ्या पावलावर टेकवलाय, उभं राहून राहून पाय भरून आले की आपण करतो ना, अगदी तसा. हा पाय मला चौथ्या की पाचव्या खेपेला दिसला. तेव्हापासून मी जाते ती तिलाच भेटायला.

पहिली नोकरी सुटली त्या दुपारी घरी न जाता तिथे जाऊन उभी राहिले. आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हाही. लग्न ठरलं तेव्हासुद्धा (तेव्हा ती जरा कंटाळलेली वाटली).

गेल्या आठवड्यात गेले तर चित्र जागेवर नाही! भिंतीवर तेवढाच चौकोन जरा गडद दिसत होता आणि एक चिठ्ठी, 'तात्पुरते काढले आहे'. का, कुठे, कधीपर्यंत, काही नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचारलं तर म्हणे, ताई, बाकीची शंभर आहेत की, ती बघा.

तोंड पाडून घरी आले. नवऱ्याने विचारलं, कोण गेलं? सांगितल्यावर तो जो हसत सुटला तो अजून हसतोय. तर प्रश्न असा की संग्रहालयातल्या एखाद्या वस्तूशी, चित्राशी, कोपऱ्याशी असं नातं तुमचंही आहे का, की मलाच डॉक्टर गाठायला हवा?

चक्रमादित्य

दासी पळाली. मोजडीतून पाय काढला होता तेव्हाच संशय यायला हवा होता.

(दिवे घ्या, गंमत करतोय)

पाटीपेन्सिल

चक्रम, खिक्!!

सावलीताई, डॉक्टरची गरज नाही. माझं हैदराबादच्या सालारजंगमध्ये असंच आहे. तिथे दर तासाला त्या प्रसिद्ध घड्याळातला छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो आणि तो बघायला सगळं संग्रहालय खाली धावतं. मी आठ-नऊ वर्षांची असताना आम्ही सगळे गेलो होतो, सगळी पोरं घड्याळाकडे पळाली आणि आजी 'व्हेल्ड रेबेका'पाशी थांबली म्हणून मला तिच्याजवळ थांबवलं. मी रडकुंडीला आलेली. आजी मात्र त्या पुतळीभोवती गोल गोल फिरतेय. संगमरवराचा बुरखा आहे तो, बेंझोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराने १८७६ मध्ये केलेला, आतला चेहरा बुरख्यातून दिसतो पण दोन्ही एकाच दगडाचे. आजीने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ह्या माणसानं ओलं लुगडं नीट बघितलेलं आहे."

बास. एवढंच. आजी जाऊन वीस वर्षं झाली. नंतर मी तीनदा गेले, घड्याळ अजून एकदाही पाहिलेलं नाही.

मृण्मयी_म

आजीला साष्टांग नमस्कार. वाचनखूण साठवली.

निमूट

विरोधी मत मांडतो, राग मानू नका.

हे सगळं वाचायला गोड आहे पण ह्यात चित्र कुठे आहे? नोकरी, ऑपरेशन, लग्न, आजी. म्हणजे चित्राच्या जागी एखादं झाड असतं तरी चाललं असतं. लोक संग्रहालयात जाऊन स्वतःलाच भेटून येतात आणि त्याला कलेशी नातं म्हणतात. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटरची, तिच्यासमोर निम्मी माणसं पाठ करून उभी, का तर फोटोत आपण यायला हवेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये केलेली एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली होती, त्यात माणूस एका चित्रासमोर सरासरी २७ सेकंद थांबतो असं निघालं, आणि बाजूची पाटी वाचणं धरून बरं का.

मी पाटी वाचतच नाही. आधी चित्र, मग बाहेर. चित्रात मला स्वतःला शोधायचं नसतं.

शेवंती_शेजारची

निमूट, पण धागाकर्ती २७ सेकंदवाली नाहीच ना. पाय दिसायला तिला पाच खेपा लागल्या. झाडाला मोजडी नसते.

आणि सावली, रिकाम्या भिंतीसमोर उभं राहून वाईट वाटणारी तू काही पहिली नाहीस. १९११ साली मोनालिसा चोरीला गेली तेव्हा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ती रिकामी जागा बघायला लोकांनी गर्दी केली होती, दोन वर्षांनी फ्लॉरेन्सला सापडली. बॉस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर म्युझियममधून १९९० मध्ये १३ कलाकृती गेल्या, त्यात रेम्ब्रांट, व्हर्मीर अशा मोठ्या डच चित्रकारांची चित्रं होती, एकही अजून परत आलेली नाही. तिथल्या रिकाम्या चौकटी आजही भिंतीवर आहेत. ते संग्रहालय उभारणाऱ्या गार्डनरबाईंनी मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं की मांडणीत कायमचा बदल करायचा नाही.

मला सगळ्यात जवळची वाटते ती रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडमधून चित्रं दूर हलवली पण चौकटी तशाच लटकत ठेवल्या. आणि शहराला वेढा पडला होता त्या काळात तिथल्या माणसाने सैनिकांना त्या रिकाम्या चौकटींसमोरून फिरवलं, इथे अमुक चित्र होतं, त्यात डावीकडे असं, उजवीकडे तसं. सगळं तोंडपाठ. सावली, तू आत्ता आम्हाला तेच केलंयस.

कागदकीड

कागदावरच्या कलाकृतींच्या जतनाचं काम करते म्हणून लिहिते.

चित्र बहुतेक विश्रांतीला गेलंय, घाबरू नका. लघुचित्रं कागदावर, पाण्यात कालवलेल्या रंगांची. प्रकाशाने होणारं नुकसान साठत जातं आणि परत भरून निघत नाही, म्हणून अशा गोष्टींवर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर प्रकाश टाकत नाहीत. लोक तक्रार करतात की दालनात अंधार आहे, चष्मा लावूनही दिसत नाही, पण तो अंधार मुद्दाम केलेला असतो. आणि एवढं करूनही काही महिन्यांनी चित्र उतरवून अंधारात पेटीत ठेवायचं, त्याच्या जागी दुसरं लावायचं. बारा-तेरा वर्षं एकाच भिंतीवर होतं हेच मला जरा खटकलं. उशीरच झालाय म्हणायचा.

एक विचारू? तळं 'काळंकुट्ट' म्हणालात. ते काळ्या रंगाने रंगवल्यासारखं सपाट आहे की मधेमधे राखाडी-करडे डाग आहेत?

अवघडसोपे

अवांतर: फ्लॅश मारू नका असं लिहिलेलं असतानाही मारणाऱ्यांचं काय करायचं?

चक्रमादित्य

पेटीत ठेवायचं, अंधारात, काही महिने.

अवघडसोपे

:-)) आणि सेल्फी स्टिक?

जुनाखडू

अवांतर पुरे. मी चित्रकलेचा शिक्षक होतो, आता निवृत्त.

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात सावळाराम हळदणकरांचं निरांजन घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे, 'ग्लो ऑफ होप'. निरांजनाचा उजेड बोटांतून आरपार येतो ते. विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे पाच वेळा गेलो आणि पाचही वेळा कुणीतरी छातीठोकपणे म्हणालंच, सर, रविवर्मा ना? नाही रे बाबा. शिवाय ते तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे. जलरंगात एवढा काळोख लावून मधला उजेड कोरा राखायचा म्हणजे काय असतं ते ज्याने ब्रश धरलाय त्यालाच कळेल, चुकलं तर वरून पांढरा फासून भागत नाही.

त्या चित्रासाठी उभी राहिलेली मुलगी म्हणजे हळदणकरांची स्वतःची मुलगी, गीता. चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं. मला हे कळलं त्यानंतरच्या खेपेला मी चित्र वेगळंच पाहिलं. त्याआधी मी उजेडाचं तंत्र बघायचो, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा माणूस आपल्या मुलीला सांगत असेल, हात हलवू नकोस, जरा वेळ. गीताबाई २०१८ मध्ये गेल्या, वय १०२. बातमी वाचली तेव्हा मी घरात कुणाला काही बोललो नाही, पण त्या दिवशी मला सुतक लागल्यासारखं झालं होतं. निमूट, ह्यात मी मला भेटलो की चित्राला?

कागदकीड

सर, त्या चित्राला अंधारात ठेवतात ते नुसतं नाट्यासाठी नाही, जलरंगाला ते मानवतंही :-)

निमूट

जुनाखडू सर, तुम्ही चित्राला भेटलात, मान्य. तुमच्याकडे बघायची नजर होती, माहिती नंतर आली. माझा आक्षेप उलट्या क्रमाला आहे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर माझंही एका संग्रहालयात एक ठिकाण ठरलेलं आहे. पण ते चित्र नाही. बाक आहे. आधुनिक दालनात मधोमध, लाकडी, पाठ नसलेला. तिथे बसल्यावर चारही भिंती सारख्या अंतरावर येतात.

शेवंती_शेजारची

म्हणजे नातं आहेच की!

निमूट

बाक आहे. नातं नाही.

चक्रमादित्य

सगळे असंच म्हणतात सुरुवातीला.

दूरदेशी

मी अ‍ॅमस्टरडॅममध्ये तीन वर्षं होतो, त्यातलं एक वर्ष फार वाईट गेलं (तपशील नको). वर्षाचा पास काढला होता आणि शनिवारी तिथल्या राइक्सम्युझियम या संग्रहालयात जायचो कारण तिथे कुणी काही विचारत नाही, तू इथे का बसलायस वगैरे. त्याच सुमाराला, म्हणजे २०१९ ला, त्यांनी रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्राचं संशोधन आणि जतनाचं काम लोकांच्या समोरच सुरू केलं, चित्राभोवती काचेची खोली बांधून. चित्र जवळजवळ पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद, त्यात एक बाई यंत्र घेऊन तळहाताएवढ्या जागेवर तासभर, परत पुढच्या शनिवारी जावं तर तळहातभर पुढे. मला त्या गतीचा फार आधार वाटला, का ते नीट सांगता येणार नाही, माझं सगळं फटाफट कोसळत होतं आणि इथे कुणालाच घाई नव्हती.

त्या चित्राचं दैव पण बघा. रेम्ब्रांटने १६४२ मध्ये पूर्ण केलं, १७१५ मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर मावेना म्हणून चारही बाजूंनी चक्क कापलं. १९७५ मध्ये एकाने सुरीने वार केले, १९९० मध्ये दुसऱ्याने अ‍ॅसिड टाकलं. आणि नाव 'रात्रीचा पहारा' पण ती रात्र नाहीच! वरचं व्हार्निश आणि धूळ काळवंडून सगळं अंधारलं म्हणून नंतरच्या लोकांनी ते नाव दिलं. आत दिवसाचा उजेड आहे.

त्याच संग्रहालयात रेम्ब्रांटचं 'ज्यू नवरी' आहे. १८८५ मध्ये व्हॅन गॉग मित्राबरोबर आला होता, तो तिच्यासमोरून हलेना, मित्र बाकीचं सगळं बघून परत आला तरी हा तिथेच. म्हणाला म्हणे की पंधरवडाभर इथे बसू दिलं तर आयुष्याची दहा वर्षं देईन. तेव्हा सावली, तुम्ही बारा-तेरा वर्षांत काय दिलंत, काहीच नाही :-)

पाटीपेन्सिल

दूरदेशी, फार आवडलं. तळहातभर पुढे.

वडाचीपारंबी

निमूटना उत्तर म्हणून नाही, पण त्यावरूनच आठवलं.

माझा दादा जन्मापासून पूर्ण अंध. आम्ही दोघं गेली पंधरा वर्षं चित्रं बघायला जातो. हो, बघायला, तोच हा शब्द वापरतो. मी सांगते, तो ऐकतो. सुरुवातीला मी सांगायचे ते म्हणजे, एक बाई आहे, मागे डोंगर आहेत, सुंदर आहे. तो म्हणाला सुंदर तू ठरवू नकोस, बाईचे हात कुठे आहेत ते सांग. मग मला बघावं लागलं आणि लक्षात आलं की मी एवढा वेळ हातांकडे पाहिलंच नव्हतं. आता त्याचे ठरलेले प्रश्न आहेत, उजेड कुठून येतोय, कोण कुणाकडे बघत नाहीये, कुठली वस्तू उगाच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमृता शेरगिलांच्या १९३५ च्या 'तीन मुली'समोर आम्ही पाऊण तास भांडलो. मी म्हटलं तिघी दुःखी आहेत. तो म्हणाला पुरावा दे. मी म्हटलं नजर खाली आहे. तो म्हणाला नजर खाली असणं म्हणजे दुःख असं कोण म्हणतं, वाट बघत असतील, कंटाळल्या असतील, तिघी एकमेकींकडे बघतात का? नाही बघत. मग तेवढंच सांग ना.

माद्रिदच्या प्रादोमध्ये २०१५ साली काही चित्रांच्या उठावाच्या प्रती केल्या होत्या, हात लावून बघता येतील अशा. मी त्याला उत्साहाने सांगितलं की जाऊ या कधीतरी. तो म्हणाला जाऊ, पण तूही ये, बोटांशी भांडता येत नाही.

सावलीताई, तुमची पोस्ट काल त्याला वाचून दाखवली. त्याचा प्रश्न आहे, कुठला पाय? डावा की उजवा?

मृण्मयी_म

आई गं. हा प्रतिसाद एकटाच एक धागा आहे.

रिकामटेकडा_२

मम (माझंही तेच मत).

हेमाडपंथी

अख्खं संग्रहालयच नात्यातून उभं राहिल्याचं उदाहरण आपल्याकडे आहे, कुणी लिहिलं कसं नाही? पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. नावातला 'राजा' म्हणजे कुणी संस्थानिक नव्हे, केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा. दिनकर केळकर म्हणजे 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारे. त्यांनी आणि कमलाबाईंनी दिवे, दौती, अडकित्ते, वज्री, दरवाजे, वाद्यं असं हजारोंनी जमवलं आणि १९७५ मध्ये सगळं शासनाच्या हवाली केलं.

मी मुलाला घेऊन गेलो होतो, वय साडेसहा, बाहेर नावामागची गोष्ट वाचली आणि आत गेल्यावर मला वस्तूच दिसेनात. एकेका कपाटासमोर एवढंच डोक्यात की हा अडकित्ता आणला त्या दिवशीही त्यांना तो आठवला असेल. मुलगा हात ओढतोय, बाबा चला ना, बोअर होतंय. निघालो लगेच. परत गेलेलो नाही, जवळ असूनही. तेव्हा नातं आहे पण जायला न देणारं, हा प्रकार पण नोंदवून ठेवा.

अवघडसोपे

ह्याच्या विरुद्ध टोक म्हणजे स्टेंधाल सिंड्रोम. फ्लॉरेन्समधली एक मानसोपचारतज्ज्ञ, मघेरिनी, तिने १९७९ मध्ये हे नाव दिलं, कला बघून बघून पर्यटकांना घेरी, धडधड वगैरे. स्टेंधाल हा फ्रेंच लेखक १८१७ मध्ये सांता क्रोचे चर्च बघून असाच गळपटला होता म्हणून त्याचं नाव. सावलीताई, डॉक्टर तिथलाच गाठा.

चक्रमादित्य

मला संग्रहालयात घेरी येते पण दुसऱ्या मजल्यानंतर, आणि ती गुडघ्यातून येते.

टोपीवाला_

रोमातून बाहेर येतोय कारण मूळ पोस्टमधलं एक वाक्य टोचलं.

'खुर्चीवर बसलेला माणूस.' माझे वडील सव्वीस वर्षं एका कलादालनात रक्षक होते. खुर्ची त्यांना शेवटच्या सहा वर्षांत मिळाली, त्याआधी उभंच. 'बाकीची शंभर आहेत की' हे ते पण म्हणत असणार, कारण दिवसातून चाळीस जण एकच विचारतात, ते अमुक कुठे आहे, आणि त्यांना कुणी वरून सांगितलेलंच नसतं की चित्र कुठे नेलं. चिठ्ठी लावणारा वेगळा, शिव्या खाणारा वेगळा.

बाबा सातवी शिकलेले. पण कुठल्या चित्रासमोर लहान मुलं थांबतात, कुठल्या चित्रासमोर नवरा-बायको भांडतात, कुठलं चित्र संध्याकाळी साडेचारनंतर बरं दिसतं, सगळं माहीत. एका निसर्गचित्रात लांबवर एक माणूस आहे, मुंगीएवढा, पाठीवर ओझं. घरी आले की कधीकधी म्हणायचे, आज पण पोचला नाही तो. आम्हाला वाटायचं ऑफिसातल्या कुणाबद्दल बोलतायत.

२०२२ मध्ये बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयाने आपल्या १७ रक्षकांनाच चित्रं निवडून प्रदर्शन मांडायला सांगितलं होतं. मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मग त्या दिवशी पहारा कोणी केला?

ताई, तुमच्या दासीचा पाय बाबांना पहिल्याच दिवशी दिसला असता. उभं राहून पाय दुखणं त्यांना शिकवावं लागलं नसतं.

दुपारसावली

टोपीवाला, मनापासून सॉरी. मी तसं लिहायला नको होतं. तो पाय बघून एवढी हळहळले आणि शेजारी आठ तास उभ्या माणसाकडे लक्ष गेलं नाही, आता वाचून लाज वाटतेय.

सगळ्यांना एकेक करून उत्तर देते. वडाचीपारंबी, उजवा पाय बाहेर, डाव्यावर टेकवलेला. (दादांमुळे फोटो उघडून खात्री केली, मी पण डावाच समजत होते!!) दोन वर्षांपूर्वीचा फोटो आहे, फ्लॅशशिवाय, अवघडसोपे नोंद घ्यावी.

कागदकीड, तळं मोठं करून बघितलं. सपाट काळं नाहीये. मधे मधे करडं आहे आणि कमळांच्या कडेला एक दोन ठिकाणी किंचित चमक असल्यासारखं, पण तो फोटोचा दोष असेल.

कागदकीड

दोष नाही. ती चांदी आहे.

लघुचित्रांत पाण्यासाठी पुष्कळदा चांदीचा रंग वापरायचे, चांदीची पूड डिंकात कालवून. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते, घरातल्या समईची पडते तशीच. म्हणजे ज्याने ते चित्र काढलं त्याने काळं तळं काढलंच नव्हतं. वर काळे ढग आणि खाली लखलखणारं पाणी असं काढलं होतं. चित्र हातात धरून जरा तिरकं केलं की पाणी हललं असतं, आणि ही चित्रं हातात धरूनच बघायची असत, भिंतीवर नव्हे.

परत चमकवता येईल का, हा पुढचा प्रश्न येणार म्हणून आधीच सांगते. समई घासतो तसं कागदावर घासायला गेलं तर काळेपणाबरोबर चांदीच निघून जाईल. आहे ते सांभाळायचं.

दूरदेशी

म्हणजे हिची पण रात्र नव्हतीच!

दुपारसावली

मला काय वाटतंय ते सांगता येत नाहीये. बारा वर्षं मी समजत होते की ती अंधाराकडे पाठ करून उभी आहे. आणि ती... फोटो परत बघते जरा.

निमूट

मी आज एक मुद्दा मागे घेतो आणि एक पुढे ठेवतो. मागे घेतो तो झाडाचा. पुढे ठेवतो तो असा की आता बघा, चित्राबद्दलची एक साधी खरी गोष्ट कळली आणि ताईंचं बारा वर्षांचं नातं हललं. म्हणजे चित्राचं म्हणणं वेगळं होतं आणि आपण आपलं ऐकत होतो. माझं एवढंच म्हणणं होतं पहिल्यापासून.

शेवंती_शेजारची

आणि माझं म्हणणं असं की बारा वर्षं जाऊन उभी राहिली नसती तर चांदी ऐकून तिला काहीही वाटलं नसतं. 'अच्छा' म्हणून पुढे गेली असती. माहिती रुजायला आधी जमीन लागते हो निमूटराव.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीची सगळी चित्रं वेल्समधल्या एका खाणीत ठेवली होती. शहरावर बॉम्ब पडतायत आणि लोक म्हणतात आम्हाला चित्र बघायचंय. तेव्हा १९४२ पासून दर महिन्याला एकच चित्र आणून लावायचे. सगळ्या रिकाम्या इमारतीत एक. लोक तेवढ्यासाठी यायचे. सगळी शंभर मिळाली असती तर त्यांनी पण २७ सेकंदच दिले असते.

निमूट

ही चांगली आहे. एक चित्र आणि एक बाक, ह्यापेक्षा जास्त कुठल्याही दालनात नसावं.

जुनाखडू

शेवंती, 'माहिती रुजायला जमीन लागते' हे मी तीस वर्षं सांगायचा प्रयत्न केला, एका ओळीत कधी जमलं नाही.

हेमाडपंथी

धागा वाचून काल मुलाला विचारलं, आता अकरावीत आहे, तुला ते संग्रहालय आठवतं का? म्हणाला हो, दरवाजे आठवतात, आणि तुम्ही घाईघाईने बाहेर का आलात ते कधी सांगितलं नाहीत. सांगितलं मग. रविवारी जाऊ म्हणतोय. बघू.

मृण्मयी_म

जा हो.

दुपारसावली

मंडळी, अपडेट. धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

फोन केला होता, तिथे नीट उत्तर मिळालं नाही, साहेब नाहीत, नंतर करा. मग काल स्वतःच गेले. तेच काका होते. ह्या वेळी आधी विचारलं, किती वर्षं झाली इथे? म्हणाले ह्या दालनात नऊ. मग म्हटलं, ते तिकडचं लहान चित्र होतं ना, गच्चीवरच्या बाईचं, ते कधी येईल हो परत? त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले,

"ती चप्पल काढून उभी असते ती ना?"

मला काही बोलताच येईना. मग ते सांगत बसले, पावसाळ्यानंतर आणतील असं आतला माणूस म्हणत होता, नक्की नाही. मी त्यांना चांदीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, सकाळी दालन उघडून दिवे लावले की ते पाणी एक क्षण उजळतं, मला वाटायचं काचेवर उजेड पडतो म्हणून.

टोपीवाला, तुमच्या बाबांना सांगा.

नवरा बरोबर आला होता. रिकाम्या चौकोनासमोर उभा राहून म्हणाला, बरं, सांग, कुठे काय होतं. सांगितलं सगळं. हसला नाही.

टोपीवाला_

सांगितलं. बाबा म्हणाले त्या माणसाला खुर्ची दिलीय ते बरं केलं.

चक्रमादित्य

पावसाळ्यानंतर येतेय म्हणजे मोजडी सापडली वाटतं.

निमूट

दुपारसावली, एक विचारायचं राहिलं. त्या दालनात बाक आहे का?

दुपारसावली

आहे. पण त्या भिंतीकडे पाठ करून.